संथ ठोका

त्या शनिवारी सकाळी बाबांनी चौकातून तर्रीपोहे आणले आणि बापलेकींनी ते जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून खाल्ले.

टेबल सहा माणसांचं होतं. आई असताना तिघं त्याच्या एकाच कोपऱ्यात दाटीवाटीनं बसत. आई गेल्यावरही बरीच वर्षं दोघांच्या ताटांना एकमेकांचा शेजार होता. मग गेल्या दोन वर्षांत केव्हातरी बाबांची खुर्ची खिडकीकडे आणि उत्पलाची स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकत गेली. भांडण झालं नव्हतं. कुणी कुणाला तोडून बोललं नव्हतं. उत्पलाला त्याचं काही वाटत नसे, आणि आपल्याला काही वाटत नाही याचं मात्र कधीकधी नवल वाटे.

"पाणी पिलीस?" बाबांनी मोबाइलवरून नजर न उचलता विचारलं.

"पिते."

हा प्रश्न या घरात ती बोलायला लागायच्या आधीपासून रोज विचारला जात होता, कारण उत्पला सिकलसेल घेऊन जन्मली होती. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात तो हिमोग्लोबिन नावाच्या रेणूच्या जोरावर. हा रेणू कसा घडवायचा हे सांगणारं जनुक माणसाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं. त्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असलं, तर पेशी प्राणवायू सोडल्यावर गोल राहत नाही, विळ्यासारखी वाकते. असं जनुक एकाच बाजूनं आलं तर माणूस नुसता वाहक होतो. बहुधा धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्हीकडून आलं तर वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, आणि हाडं आतून कुणी पिळून काढावीत तसं दुखतं. पाणी कमी पडलं की अधिकच. दोन वाहकांनी लग्न केलं, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक.

तिचे बाबा आणि आई, दामोधर आणि विशाखा खोब्रागडे, दोघंही वाहक होते, आणि पोरगी रात्रंदिवस रडायला लागेपर्यंत दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. बाबा तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी झाडं सोडली आणि उरलेलं आयुष्य रक्तात घातलं. पूर्व वैनगंगा विद्यापीठाचं तपासणी केंद्र त्यांनी उभं केलं. जिथं भाषण असेल तिथं शेवटी ते उत्पलाला उभी करत आणि म्हणत, हिनं जे सोसलं ते पुन्हा कोणाच्या लेकराला सोसावं लागू नये. लोक टाळ्या वाजवत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती तिसरीत होती, आणि तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येताना स्कूटरवर बाबांच्या पाठीला गाल लावून बसल्यावर तिला काहीतरी विचारायचं होतं. हिच्यासारखं मूल नको, म्हणजे मी नको होते का? ते तिनं तेव्हा विचारलं नाही, आणि आता तिशी उलटली तरी विचारलं नव्हतं. इंजेक्शनं, रक्ताच्या पिशव्या, नवी औषधं या सगळ्यातून ती निघाली. समाजशास्त्रात पीएचडी करून त्याच विद्यापीठात शिकवू लागली. प्रश्न तसाच राहिला.

केंद्राचं मोठं काम म्हणजे पट्टा. प्रवेश घेतानाच विद्यार्थ्याचं रक्त तपासायचं, निकाल कुलूपबंद करून मनगटावरच्या पट्ट्यात घालायचा. तो निकाल विद्यार्थ्यालाही दिसत नसे, त्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती. लग्नाचा विचार असला की दोघांनी पट्टे एकमेकांना टेकवायचे. दोघंही वाहक असतील तरच पिवळा दिवा लागे, नाहीतर हिरवा. वसतिगृहाचं दार, वाचनालय, मेस, क्वार्टरचं कुलूप, सगळं त्याच पट्ट्यावर उघडे, म्हणून विद्यार्थी काय आणि प्राध्यापक काय, तो कुणी काढत नसे. पोरं त्याला मामा म्हणत. मामानं आणून उभी केल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, म्हणून. "आमचा मामा काय म्हणते ते पाहू दे पहिले," अशी मेसमध्ये थट्टा चाले.

या पट्ट्याबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, हे दरवर्षी विचारायचं काम उत्पलाचं होतं. पहिल्या वर्षीची उत्तरं तिला अजून आठवत. लग्नाआधी तपासणी व्हावी का, यावर जवळपास सगळे हो म्हणाले, वर आणखी चार कारणं सांगितली. पिवळा दिवा लागला तर लग्न मोडाल का, यावर जवळपास सगळे गप्प. आणि ज्यांचं जुळलं होतं ते पट्टे टेकवतच नव्हते. शेतकी विभागातला एक पोरगा तिला म्हणाला होता, "मॅडम, आवडल्यावर कोण विचारते जी? अन् विचारलंच, तर उत्तर आयकून करावं काय?" तिनं हे घरी जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "म्हणजे आपण फार उशिरा विचारून राहिलो."

दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना नवे पट्टे मिळाले. बॅटरी जास्त टिकते, असं सांगण्यात आलं. तेव्हापासून पिवळे दिवे लागायचे जवळजवळ थांबले. बाबा खूश होते.

त्या शनिवारी पोहे खाताना उत्पला त्यांना चैताली नन्नावरे आणि सुगत गेडामबद्दल सांगत होती. एकाच गावची पोरं, एका बाकावर शिकलेली, एकाच एसटीनं विद्यापीठात आलेली. अख्ख्या गावानं त्यांचं लग्न गृहीत धरलेलं. पहिलं वर्ष संपायच्या आत दोघं एकमेकांना टाळायला लागली. उत्पलानं दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं होतं. भांडण? नाही. घरच्यांचा विरोध? नाही. पट्टे टेकवले? तेही नाही.

"मग झालं काय?" तिनं चैतालीला विचारलं होतं.

चैताली खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "माहीत नाही, मॅडम. तो जवळ येऊन बसला की मनच जात नाही. चांगला आहे तो. पण जसं कोणाचं तरी सामान सांभाळत बसलो आहे आपण, तसं वाटते."

सुगतनं, तिचं उत्तर ठाऊक नसताना, तेच शब्द वापरले होते. मनच जात नाही. आणि या वर्षी हे शब्द उत्पलानं इतक्या तोंडांतून ऐकले होते, की शेवटी शेवटी समोरचा बोलायच्या आधी तिला ते ऐकू येत. मेसमध्ये पोरं आपोआप वेगवेगळ्या टेबलांवर बसत. गॅदरिंगच्या नाटकातल्या नायिकेनं ऐन तालमीत हात काढून घेतला, आणि का ते तिलाही सांगता आलं नाही. आवारात रुसवेफुगवे नव्हते, रडारड नव्हती. आवार शांत होतं, लग्न उरकून गेलेल्या मांडवासारखं.

"मला हे बरं लक्षण वाटत नाही, बाबा."

बाबांनी प्लेट बाजूला सारली. "का? कोणाला वाईट तर वाटलं नाही ना. तेच तर हवं होतं." मग ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि केंद्राकडे निघून गेले.

दुपारी केंद्राच्या पायऱ्यांवर ते कोसळले.

ती पोचली तेव्हा त्यांना दवाखान्याच्या तातडीच्या कक्षात पडदा ओढून ठेवलं होतं. हृदयाची एक मोठी वाहिनी बंद झाली होती, आतल्या खोलीत नेऊन ती उघडायची होती, डॉक्टर हात धुवायला गेले होते. बाबा शुद्धीवर होते. उत्पला पलंगाला लागून स्टुलावर बसली. तिनं त्यांचा हात हातात घेतला, कारण अशा वेळी घेतात.

आणि तिला कंटाळा आला.

दुसरा शब्द नव्हता त्याला. भीती नाही, कालवाकालव नाही. समोर बाप छातीत कळ घेऊन पडला होता आणि ती पडद्यावरच्या निळ्या रेघांकडे बघत होती. तिनं मनाला ढोसून पाहिलं. हे बाबा आहेत, हे मरतील कदाचित. मन हललं नाही. बाबाही छताकडे पाहत होते. त्यांनी एकदा मान वळवली, ओळखीच्या पण नाव न आठवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि विचारलं, "पाणी पिलीस?" ती म्हणाली, पिते. एवढं होतं त्यांचं शेवटचं बोलणं.

मग सिस्टर आली, अंगठी-घड्याळ काही चालणार नाही म्हणाली, बाबांच्या मनगटावरचा पट्टा काढून पिशवीत घातला आणि पिशवी खालच्या काउंटरवर पाठवली. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं. स्ट्रेचर कॉरिडॉरच्या मधोमध असेल, तेव्हा उत्पलाच्या छातीत काहीतरी फुटलं. इतकं अचानक, की तिला वाटलं आपल्यालाच झटका आला. तिला बाबांचे पांढरे पाय दिसले, टाचांना भेगा पडलेले, आणि ती धावली. दार लागलं होतं. ती दारावर हाताचे पंजे टेकवून ओरडत राहिली. सुरक्षारक्षकानं तिला धरून बाकावर बसवलं.

ते दार उघडलं तेव्हा बाबा गेले होते.

"ताई," सिस्टर नंतर म्हणाली, "आत नेल्याबरोबर ते एकदम तुमचंच नाव घेऊन राहिले होते. उठून बसू पाहत होते. उत्पलाला बोलवा, मला तिला सांगायचं आहे. आम्ही म्हटलं, झाल्यावर भेटा. बाहेर तर इतके शांत होते."

काय सांगायचं होतं, ते सिस्टरला माहीत नव्हतं.

अंत्यसंस्कार झाले. नातेवाईक आले, गेले. उत्पला टेबलाशी बाबांच्या खुर्चीत बसून राही. दुःख आता भरपूर होतं, पण त्याच्या खाली दुसरंच एक कुरतडत होतं. माणूस जिवंत असताना मी दगड होते आणि दार लागल्यावर मला पाझर फुटला. मी कसली मुलगी? आणि तेही तसेच. स्टुलावर बसलेल्या मुलीला ओळख दाखवली नाही, आणि दाराआडून हाका मारत होते. माणसाचं प्रेम असं कॉरिडॉरमध्ये मधोमध सुरू होतं का? तिनं तो कॉरिडॉर डोक्यात पुन्हापुन्हा चालून पाहिला. स्टूल, पडदा, सिस्टर, पिशवी, स्ट्रेचर. पिशवीपाशी ती थांबली.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. मुक्ता टेकाम तिथं एकटीच होती. पट्ट्यांतली यंत्रणा मुक्तानं बनवली होती. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावातून आलेली, बाबांची सगळ्यात लाडकी इंजिनिअर. उत्पलाला पाहून ती उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"नवे पट्टे बॅटरीसाठी नव्हते ना?" उत्पलानं विचारलं.

मुक्तानं नाही म्हणायचा प्रयत्न केला. मग ती खाली बसली आणि सगळं बोलली.

आपलं मन आपल्याला आतून कळतं असं आपण समजतो, ती म्हणाली, पण ते पुष्कळदा शरीराकडे पाहूनच ठरवतं. कुणाजवळ उभं असताना छाती धडधडली, की मन म्हणतं, इथं काहीतरी आहे. नवा पट्टा नाडी ऐकत होता, आणि मनगटावर आतून स्वतः ठोका देत होता. इतका हलका, की जाणवू नये. एरवी तो गप्प असे. पण शेजारी आलेल्या माणसाच्या रक्तातही तेच बदललेलं अक्षर असलं, की दोन्ही पट्टे ठोका सुरू करत. खऱ्या नाडीपेक्षा थोडा संथ. मेंदूला वाटे, आपलं हृदय शांत आहे. म्हणजे इथं काही नाही.

"सरांना कोणाला घाबरवायचं नव्हतं, ताई. किळस तर नाहीच नाही. फक्त समोरचा माणूस बसस्टॉपवरच्या माणसासारखा वाटावा, एवढंच. प्रेम जडल्यावर तोडायला लावणं क्रूर आहे, त्यापेक्षा जडूच नये, म्हणायचे. ते तुमच्या सर्व्हेवरूनच सुचलं त्यांना."

"आणि पोरांना विचारलं नाही."

"प्रवेशाच्या वेळी आरोग्यविषयक सूचनांना सगळे मंजुरी देतात. ही सूचनाच आहे, असं सरांचं म्हणणं होतं."

उत्पलानं आपल्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. तिच्या रक्तात ते अक्षर दोनदा होतं. तिच्या शेजारून जाणाऱ्या प्रत्येक वाहकाच्या मनगटावर तो ठोका पडत असणार. वर्गात तिच्या जवळची बाकं रिकामी का राहतात, हे तिला आता कळलं. पण तिला विचारायचं होतं ते वेगळं.

"मुक्ता, पट्ट्याला नातं कळतं?"

"म्हणजे?"

"बाबाही वाहक होते."

मुक्ताच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पट्ट्याला फक्त रक्त कळत होतं. कोण कुणाचं, हे त्याला कळू नये अशीच त्याची रचना होती, गुप्ततेसाठी. "सर घरी काढत असतील, असं मला..."

"घराचं कुलूप त्याच्यावरच उघडतं. आम्ही क्वार्टरमध्ये राहतो."

"आमच्या डोक्यात फक्त पोरंपोरी होते, ताई," मुक्ता हळूच म्हणाली. "लग्नाचे. बापलेकी कोणाच्याच डोक्यात आल्या नाहीत. सरांच्यासुद्धा नाही."

बाहेर ऊन रणरणत होतं. दोन वर्षं, उत्पलाच्या मनात आलं. दोन वर्षं दोन माणसं एका टेबलावर जेवत होती आणि दोघांच्याही मनगटांवर कुणीतरी सांगत होतं, इथं काही नाही, इथं काही नाही.

मुक्ताची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती सांगताना तिनं उत्पलाकडे बघितलं नाही. परवाच्या आदरांजली सभेत कुलगुरू जाहीर करणार होते की पट्टा आता विद्यापीठापुरता राहणार नाही, जिल्ह्यातल्या प्रत्येक कुटुंबाला आरोग्यपट्टा म्हणून मिळेल. बाबांचं नाव देऊन. प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळालासुद्धा, छोट्या मापाचा.

उत्पलाला एक वाहक आई दिसली. मांडीवर तिचं वाहक बाळ. आई बाळाकडे बघते आहे, नीट दूध पाजते आहे, आणि तिचं मन जात नाही.

"सभेच्या वेळी बंद करता येतील?" तिनं विचारलं. "सगळे?"

मुक्तानं डोळे पुसले. "येतील. मी करते."

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर बाबांचा हार घातलेला फोटो, पुढे मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं. कुलगुरू बोलले, घोषणा झाली, टाळ्या पडल्या. उत्पला पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या डावीउजवीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिनं वळून पाहिलं. सभागृहात जागोजाग अशाच फटी होत्या. माणसं एकमेकांपासून नीट मोजून ठेवल्यासारखी बसली होती, आणि ते कुणाला खटकत नव्हतं.

"सरांच्या कार्यामागची प्रेरणा," कुलगुरू म्हणाले, "त्यांच्या कन्येच्या वेदना. डॉ. उत्पला खोब्रागडे."

ती पायऱ्या चढत असताना मागच्या दाराशी उभ्या असलेल्या मुक्तानं मान हलवली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग सभागृहातून एक सळसळ गेली, पिकल्या धानातून वारा जावा तशी. कुणीतरी छातीवर हात ठेवला. एक मुलगा आपल्या रांगेत पलीकडे बसलेल्या मुलीकडे वळून बघू लागला आणि बघतच राहिला. इकडून तिकडून माना वर येत होत्या, जणू खूप मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना एकदम जाग येत होती. कुणी हुंदका दिला. तो बाबांसाठी नव्हता. कुठल्यातरी रांगेत एक प्राध्यापिका उठली आणि कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलाला शोधत गर्दीतून वाट काढू लागली.

उत्पलानं माइक खाली ओढला. तिनं पट्ट्याबद्दल सांगितलं, जसं मुक्तानं तिला सांगितलं होतं तसं, मीठमसाला न लावता. संथ ठोक्याचं सांगितलं, बाळांच्या पट्ट्यांचं सांगितलं. कुलगुरू उठून उभे राहिले आणि काय करावं हे न सुचून पुन्हा बसले. तपासणी करा, ती मुलांना म्हणाली. दहा वर्षं मी तेच सांगते आहे आणि उद्याही सांगेन, कारण हा आजार काय असतो ते इथं माझ्याइतकं फार थोड्यांना माहीत आहे. पण उत्तर आपल्या कानांनी ऐका, आणि रडायचं असेल तर रडा. ठरवायचं तुम्हाला आहे. तुमच्या वतीनं ते आधीच ठरवून ठेवायचा हक्क कुणाला नव्हता. माझ्या बाबांनाही नव्हता.

एवढं झाल्यावर तिचं भाषण संपलं होतं. पण ती खाली उतरली नाही. ती फोटोकडे वळली. त्या फोटोतल्या माणसाला आत नेल्यावर काहीतरी सांगायचं होतं, ते तिला कधीच कळणार नव्हतं. तिला त्यांना जे सांगायचं होतं ते मात्र तिला माहीत होतं. तिसरीत असताना स्कूटरवर ती तेच 'मी नको होते का?' असा प्रश्न म्हणून घेऊन बसली होती. प्रश्न नव्हताच तो, उत्तर होतं, आणि ते तिच्याकडेच होतं. कोण ऐकतं आहे याची आता तिला फिकीर नव्हती. माइक चालूच होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला दरवेळी उभी करत होतात ना, तेव्हा मला एक सांगायचं असायचं. खूप दुखायचं. अजूनही दुखतं." तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"तरीसुद्धा मला या जगात यायचं होतं."